हरभऱ्याची आंब

परवा सोसायटीच्या फाटकाशी बसणाऱ्या भाजीवालीकडे हरभऱ्याचा पाला दिसला. दोन जुड्या घेतल्या आणि तिथेच उभ्या उभ्या एक शेंडा खुडून जिभेला लावला. काही म्हणता काही लागलं नाही. पाला धुतलेला होता. शहरात भाजी स्वच्छ दिसावी लागते, म्हणून आधी ती पाण्याखाली धरतात, आणि हरभऱ्याचं म्हणून जे काही असतं ते तिथेच निघून जातं. घरी पोचेपर्यंत मी उगाचच चिडलेली होते. भाजीवालीवर चिडण्यात काही अर्थ नव्हता. तिने तर मला कढीपत्ता फुकट दिला होता.

थंडी पडायला लागली की माझं असं होतं. लोकांना हुरडा आठवतो, शेकोटी आठवते, लग्नाचे मुहूर्त आठवतात. मला एक फडकं आठवतं.

ज्यांनी हरभऱ्याचं रान पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. थंडीत हरभऱ्याच्या पानांवर जे दव साठतं ते साधं पाणी नसतं. पाला स्वतःच्या अंगातून आंबट काहीतरी सोडतो आणि ते दवात उतरतं. त्याला आंब म्हणतात. संध्याकाळी उभ्या पिकावर जुन्या धोतराचं मऊ, स्वच्छ फडकं अंथरून यायचं आणि सकाळी ऊन यायच्या आत ते उचलून बाटलीत पिळायचं. एवढ्या मोठ्या फडक्यातून जेमतेम अर्धी बाटली निघते. पोट दुखलं, अजीर्ण झालं की चमचाभर आंब पाण्यातून द्यायची. गावातल्या प्रत्येक घरात ती बाटली फडताळात असायची. ह्या आंबेनं पाय फुटतात, चांगल्या लुगड्याचा रंग जातो आणि रानात विळा विसरला तर दुसऱ्या दिवशी गंजून तो ओळखू येत नाही. मी चिंचवडच्या गावठाणात वाढलेली, नोकरी शाळेतली. हे सगळं मला लग्न होऊन कुरुळीला आल्यावर सासूबाईंनी शिकवलं, आणि विळ्याबद्दल तर चांगलं खडसावून शिकवलं.

आमच्याकडे आंब आणायचं काम ह्यांचं. ह्यांचं म्हणजे माझ्या यजमानांचं. नावाने हाक मारायची सवय आमच्या पिढीला नाही, तेव्हा इथेही ते 'हे'च राहतील. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी माल पाठवण्याच्या खात्यात सगळी नोकरी काढली. पहिली शिफ्ट असली तरी बस यायच्या आधी रानात चक्कर मारून यायचे. जमिनीचा मोठा भाग त्यांच्या वडिलांच्या काळातच औद्योगिक वसाहतीत गेला होता. उरलं होतं ते नदीकडचं दोन एकर. एका अंगाला गोदामाची लांबच लांब भिंत, दुसऱ्या अंगाला कामगारांना भाड्याने दिलेल्या पत्र्याच्या खोल्या, आणि मधे आमचा हरभरा. त्या रानाला शोभा अशी काही नव्हती. पण निवृत्त झाल्यावर हे सकाळी तिथे जायचे आणि परत येताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. बाटली ओट्यावर ठेवून म्हणायचे, "घ्या बाई, तुमचं औषध." जणू काही डोंगर खणून आणलंय.

ज्या हिवाळ्याबद्दल लिहायला बसले आहे त्याच्या आधीच्या हिवाळ्यात हे एक दिवस रिकामी बाटली घेऊन परत आले.

गोदामाच्या मागे आणखी एक गोदाम होणार होतं आणि त्याला टेम्पो जायला रस्ता हवा होता. तो आमच्या रानातून काढायचा होता. गावातली दोन तरुण पोरं ह्या कामात मध्यस्थ होती. दोनदा घरी येऊन चहा पिऊन गेली होती आणि ह्यांनी दोन्ही वेळा नाही म्हणून सांगितलं होतं. त्या सकाळी ती मोटारसायकलवरून थेट बांधावर आली. ह्यांच्या हातात ओलं फडकं होतं. पोरांनी पुन्हा विचारलं, ह्यांनी पुन्हा नाही म्हटलं. त्यावर एकाने ह्यांच्या तोंडात मारली. एकच. मग गाडी वळवून ती निघून गेली.

ह्यांनी हे मला चार वाक्यांत सांगितलं आणि आंघोळीला गेले. मी पोलिसांत जाऊ म्हटलं. ते म्हणाले, काय लिहून द्यायचं, साठीच्या माणसाला पोरानं चापट मारली असं? आणि साक्षीदार कोण, हरभरा? त्याच आठवड्यात चौकात त्या पोराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. गॉगल लावून, हात जोडून तो सगळ्या गावाकडे बघत होता. आम्हाला बाजारात जायचं तर त्याच्या खालूनच जावं लागायचं. हे मान खाली घालून जायचे, आणि मला ते बघवत नसे.

त्यानंतर हे रानात गेले नाहीत. आधी गुडघा दुखतोय म्हणाले, मग सर्दी झाली, मग कंपनीतल्या कुणाला भेटायचं निघालं. घाटे भरले, पोपटांनी खाल्ले, उरलेले वाळून तडकले. मी एक-दोनदा बरोबर चला म्हटलं तर माझ्यावरच खेकसले. दूध आणायला मला पाठवायला लागले. दारात गाडी थांबल्याचा आवाज आला की हातातला पेपर तसाच राहायचा. मोठं संकट सोसलेली माणसं मी पाहिली आहेत, ती सावरतात. एका चापटीने माणूस इतका आत जातो हे मला माहीत नव्हतं. मला त्या दिवसांत देवाकडे दुसरं काही मागायचं नव्हतं. हा माणूस पुन्हा एकटा आपल्या रानापर्यंत चालत जाऊ दे, एवढंच.

रिव्हॉल्व्हरची कल्पना त्यांचीच. कुठून डोक्यात आली कोण जाणे. उन्हाळ्यात एकदा जेवताना म्हणाले की परवान्याचा अर्ज करतोय. मला हसूच आलं. झुरळ मारायचं तर मला हाक मारणारा माणूस. मग त्यांचा चेहरा बघून मी हसायचं थांबले. ते म्हणाले, "वापरायचं न्हाई गं. नुसतं जवळ असलं म्हंजी झालं."

एक कागद झाला की दुसरा. जमिनीचे उतारे, डॉक्टरचा दाखला, शेजाऱ्यांचे जबाब, चौकशीला आलेल्या हवालदाराला चहा. तो हवालदार भला होता. त्याने विचारलं, काका, भीती कोणाची आहे? ह्यांनी नाव सांगितलं नाही. जीविताला आणि मालमत्तेला धोका, असं मोघम लिहून दिलं. चौकशीमुळे बातमी गावभर झाली. पारावर बसलेले म्हातारे ह्यांना चिडवायला लागले की काय राव, आता जपून बोलायला पाहिजे तुमच्याशी. हे हसायचे. त्या हसण्यात मला पहिल्यांदा थोडी जुनी चमक दिसली, म्हणून मीही कुरकुर सोडून दिली.

परवाना हातात आला तेव्हा पाऊस संपत आला होता. आम्ही दोघं पुण्याला लष्कर भागातल्या एका जुन्या दुकानात गेलो. मी सोन्याच्या दुकानात जाताना नेसते तशी चांगली साडी नेसले होते, कारण असल्या दुकानात काय नेसून जायचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. काचेखाली निळसर मखमलीवर ती सगळी हत्यारं मांडलेली. दुकानदार वयस्कर, मृदू बोलणारा. त्याने आधी ह्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं की कशासाठी हवंय, घरात ठेवायला की बाहेर नेण्यासाठी. बाहेर, रानात, असं ह्यांनी सांगितलं. हे पिस्तुलाकडे बघत होते, ते चपटं, सुबक दिसत होतं. दुकानदाराने ते काढून दाखवलं, त्याची खटकी, त्याची गोळ्यांची पेटी, आधी काय सरकवायचं, मग काय दाबायचं. मग ते बाजूला ठेवून त्याने रिव्हॉल्व्हर ह्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला की साहेब, घाबरलेला माणूस दोन गोष्टी एकामागून एक आठवू शकत नाही. ह्याच्यात आठवायचं काही नाही. घोडा ओढला की काम झालं.

ह्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. सरकारी कारखान्यातलं, बत्तीस बोअरचं, आखूड नळीचं. काळं आणि चकचकीत, त्यावर निळसर झाक. माझ्या हातात दिलं तेव्हा मला त्याच्या वजनाचं नवल वाटलं. वरवंट्याएवढं काही नव्हतं, पण वरवंटा उचलताना मनात काही येत नाही. मी लगेच परत दिलं. हे मात्र सोडायला तयार नव्हते. मूठ बोटांत बसते का बघत होते, कोपर वाकवून, सरळ करून. मुलगा जोडे घेताना दुकानात दोन पावलं चालून बघतो तसं त्यांचं चाललं होतं. मला त्यांचं इतकं वाईट वाटलं की मी काचेतल्या दुसऱ्याच वस्तू बघायला लागले.

सरावाला दर रविवारी एका नेमबाजीच्या मैदानावर जायचो. टेकडीच्या पायथ्याशी मातीचा उंच बांध, पुढे लाकडी चौकटीत कागद. शिकवायला जगदाळे म्हणून निवृत्त सुभेदार होते, साताऱ्याकडचे. मी मागे बाकावर विणकाम घेऊन बसायची. पहिल्या रविवारी ह्यांनी झाडलेली पहिली गोळी कुठे गेली ते आजतागायत कळलेलं नाही, कारण त्यांनी डोळे मिटले होते. जगदाळे सर शांतपणे म्हणाले, "काका, आधी श्वास. गोळी पळून जात न्हाई." दुसऱ्या रविवारी डोळे उघडे होते, गोळ्या मातीच्या बांधात गेल्या. चौथ्या रविवारी सहापैकी चार गोळ्या कागदाला लागल्या. मधल्या गोलाच्या आसपासही नाही, कडेकडेनेच, पण लागल्या. तो कागद त्यांनी घडी करून डायरीत ठेवला. घरी येताना रस्त्यात थांबून मला उसाचा रस पाजला.

जगदाळे सरांचं एक म्हणणं मला फार पटायचं. ते म्हणायचे की इथे कागद उभा राहतो, रानात समोरचा चालत येतो, आणि अंगावर स्वेटर-शाल असते. म्हणून त्यांनी ह्यांना थंडीच्या कपड्यांत कंबरेच्या पट्ट्यातून रिव्हॉल्व्हर काढायचा सराव करायला लावला, आतल्या गोळ्या काढून. स्वेटर डोक्यातून घालायचा, मी विणलेला. दर वेळी मूठ लोकरीत अडकायची. शेवटी मी तो स्वेटर समोरून उघडला आणि बटणं लावून दिली. नवऱ्याला बंदूक काढायला सोपं जावं म्हणून काजं करणारी बाई मी एकटीच असेन. त्या वेळी मी ह्यावर खूप हसले होते. आता हसू येत नाही.

असं करत तो हिवाळा आला. हरभरा चांगला उगवला होता. एका सकाळी हे उठले, स्वेटर घातला, पट्टा बांधला आणि कोणालाही न सांगता निघाले. मी ओसरीत उभी राहून पाठमोरी आकृती वळणापर्यंत बघितली. पाऊण तासाने आले. ओट्यावर बाटली ठेवली. बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या.

मग रोज जायला लागले. कंपन्यांच्या बसेस धुक्यातून दिवे लावून जायच्या, पत्र्याच्या खोल्यांपुढे पोरं दात घासत उभी असायची, आणि त्यांच्यामधून हे चालत जायचे. आल्यावर सगळं सांगायचे. बीडकडचा एक कामगार त्यांना रोज राम राम घालतो. बांधाची बोर ह्या वर्षी लगडलीय. आणि एक दिवस सांगितलं की ती मोटारसायकल बाजूने गेली. त्या पोराने मान हलवली आणि गाडी बांधाच्या कडेला घेतली. हे म्हणाले, "बघितलं त्यानं माझ्याकडं. कळलं त्याला." पोराने खरोखर काय बघितलं देव जाणे. पण त्या दिवशी आंघोळ करताना ह्यांचं गुणगुणणं मी न्हाणीघराच्या दाराबाहेरून ऐकलं. कितीतरी महिन्यांनी.

पट्टा मात्र त्यांना काचायचा. फडकं पिळायला वाकलं की मूठ पोटात रुतायची. म्हणून पहिल्या चार-पाच दिवसांनंतर ते रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळून खांद्याच्या पिशवीत न्यायला लागले. जगदाळे सरांनी ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता. पिशवीतून गाठोडं काढून, गाठ सोडून मग नेम धरेपर्यंत समोरचा चहा पिऊन आला असता. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, जवळ आहे ना, मग झालं.

गुंडाळायला फडकं मी दिलं होतं. सासऱ्यांचं एक जुनं धोतर होतं, त्याचे मी दोन तुकडे केले. एक रानात अंथरायचा, एक रिव्हॉल्व्हरचा. दोन्ही सारखे, दोन्ही वाळत एकाच दोरीवर. आंब वाळली की दिसत नाही. दहा मिनिटं साध्या पाण्यात खळबळून ती पूर्ण निघतही नाही. कोणत्या दिवशी कोणता तुकडा कुठे गेला हे मला ठाऊक नाही, त्यांना तर नाहीच. त्यातून पिशवी सकाळी त्याच दवात बांधावर ठेवलेली. इतक्या कागदांवर सह्या घेतल्या, इतके नियम सांगितले, पण हरभऱ्याच्या फडक्यात गुंडाळू नका असं कोण सांगणार? असला घोटाळा करायला कुरुळीचंच घर लागतं.

एकदा आल्यावर त्यांनी फडकं ओलसर झालं म्हणून दुसरं मागितलं. भरलेलं रिव्हॉल्व्हर हाताळायला त्यांना अजूनही भीती वाटे. कपाटाच्या अंधारातच, चष्मा न लावता, तोंड थोडं वळवून त्यांनी गुंडाळणं बदललं आणि जुनं फडकं माझ्याकडे टाकलं. मी ते धुवायला घेतलं. त्यावर तांबूस डाग होते. तीन-चार, बोटाएवढे. साबण लावला, चोळलं, गेले नाहीत. लोखंडाचे डाग जात नाहीत.

मला कळलं. इथे मला खोटं लिहायचं नाही. मला त्याच क्षणी कळलं. रानात विसरलेल्या विळ्यावरून ज्या बाईने सासूची बोलणी खाल्ली आहेत तिला हे दुसऱ्या कोणी सांगावं लागत नाही. मी ते फडकं हातात घेऊन न्हाणीत बसून राहिले. बाहेर हे फोनवर कोणाला तरी सांगत होते की या एकदा रानात, बोरं खायला. स्वतःहून माणसं बोलावत होते. मी फडकं पिळलं, वाळवलं आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलं.

स्वतःला मी पुष्कळ समजावलं. वरवर गंज असेल, आत ठीक असेल. वापरायचं थोडंच आहे, नुसतं जवळ असायला हवं, असं तेच म्हणाले होते. नेमबाजीच्या मैदानाला महिनाभर सुट्टी होती, मग रविवार येईल तेव्हा बघू. आणि खरं कारण ह्यातलं एकही नव्हतं. खरं कारण एवढंच की मला माझा नवरा परत मिळाला होता आणि मला तो परत द्यायचा नव्हता. रोज सकाळी ते निघायचे तेव्हा मी ओसरीत उभी राहायची आणि ते परत दिसेपर्यंत तिथून हलत नसे. ते निर्धास्त जात होते आणि त्यांची सगळी भीती माझ्याकडे राहायला आली होती. मला ती चालत होती. वीस-एकवीस दिवस मी ती सांभाळली.

मग तो रविवार आला. मी डोकं दुखतंय म्हणून बघितलं, पण ते एकटे जायला तयार झाले, तेव्हा मुकाट्याने गाडीत बसले. मैदानावर लख्ख ऊन होतं. त्यांनी चष्मा लावला, गाठोडं टेबलावर ठेवून सोडलं आणि तसेच थांबले. चकाकी पार गेली होती. नळीवर तांबूस ठिपके, आणि गोळ्यांच्या चक्राच्या कडेने पांढुरकी पूड. जगदाळे सरांनी ते हातात घेतलं, मातीच्या बांधाकडे तोंड करून घोडा ओढला. तो हलला नाही. दोन बोटांनी ओढला, तरी नाही. त्यांनी नखाने ती पूड खरवडली, हुंगली आणि हे कशात ठेवलं होतं म्हणून विचारलं. फडक्यात, असं हे म्हणाले. मी विणकामाचे टाके मोजत होते. एकच ओळ पुन्हा पुन्हा.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "काका, किती दिवस असं हाय कुणास ठाऊक. तुम्ही नुसता लोखंडाचा तुकडा घिऊन हिंडत व्हता."

आम्ही सरांबरोबर ते दुकानात दुरुस्तीला देऊन आलो. परतताना गाडी हे चालवत होते. भोसरी आली. त्यांची मान पुन्हा तशीच झाली होती, फ्लेक्सखालून जाताना व्हायची तशी. मला राहवलं नाही. मला वाटलं, आत्ताच बोललं पाहिजे, ह्यातून चांगलं काढून दाखवलं पाहिजे. तीस वर्षं पोरांना नापास झाल्यावर हेच सांगत आले होते. मी म्हटलं, "अहो, पण तुम्ही गेलात ना. तीन आठवडे ते बंद होतं आणि तुम्ही रोज गेलात. म्हणजे तुम्ही तुमच्या जोरावर गेलात. त्याची गरजच नव्हती."

मोशी मागे पडली. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "तीन आठवडं? सर तर म्हनले, कुणास ठाऊक."

मी विणकामाची पिशवी मांडीवर घेतली.

"तुला ठावं व्हतं."

मी हो म्हटलं. फडक्यावर डाग दिसले होते म्हटलं. पुढचं जे सांगायचं होतं, गुणगुणणं, दोन भाकऱ्या, बोरं खायला बोलावलेली माणसं, ते सगळं सांगायचं राहिलं. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. ट्रक धडाधड बाजूने जात होते. ते म्हणाले, "आन् तरी तू मला जाऊ दिलंस."

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यात राग असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. त्यांनी फक्त जे घडलं ते सांगितलं. मी त्यांना तीन आठवडे त्यांचं रान परत दिलं होतं, असं मी मानत होते. त्यांच्या बाजूने बघितलं तर ज्या एका माणसाला त्यांनी ती चापट सांगितली होती त्याच माणसाने त्यांना रोज सकाळी मोकळ्या हाताने तिकडे पाठवलं होतं. दोन्ही खरं आहे. इतकी वर्षं झाली, मी ह्यातलं एकही पुसू शकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे उठले नाहीत. जागे होते, पण उठले नाहीत. फडकं रानातच अंथरलेलं राहिलं, ते कोणी उचललं मला माहीत नाही. पंधरा दिवसांनी रिव्हॉल्व्हर नव्यासारखं होऊन परत आलं, आणि तरीही ते गेले नाहीत. हरभरा त्या वर्षीही उभ्या उभ्या वाळला. पुढच्या वर्षी त्या पोरांनी पुन्हा निरोप पाठवला, तेव्हा ह्यांनी त्यांना घरी बोलावलं आणि सोफ्यावर बसून रस्त्याच्या कागदावर सही केली. पोरगा पाया पडला. काका, आधीच केली असती तर, असं काहीतरी म्हणाला. त्याला ती सकाळ आठवत असावी असं मला वाटलं नाही. मी चहा केला. तो सगळ्यांनी प्यायला.

त्यानंतर कुरुळीत राहण्यासारखं काही उरलं नाही म्हणून आम्ही रावेतला आलो. इथे खाली पहारेकरी आहे, कॅमेरे आहेत, आणि अकराव्या मजल्यावर बांध नसतात. रिव्हॉल्व्हर लोखंडी कपाटात आहे. महिन्यातून एकदा हे ते उन्हात घेऊन बसतात, दुकानातून आणलेल्या तेलाने पुसतात, चक्र फिरवून बघतात. त्याची तब्येत उत्तम आहे.

ह्यांनी मला त्या दिवसानंतर एका शब्दाने दुखावलं नाही. उलट फार सौजन्याने वागतात. चहा दिला तर बरं म्हणतात. परवा मी त्या धुतलेल्या पाल्याची भाजी केली, ती त्यांनी खाल्ली, चांगली झाली म्हणाले. चार वाजता डॉक्टरांकडे जायचं होतं. मी मागून येऊन दार ओढलं, कुलूप लागल्याचा खटका झाला, आणि आम्ही लिफ्टशी उभे राहिलो. त्यांनी विचारलं, "दार लागलं का?" मी म्हटलं, लागलं. चौतीस वर्षांच्या संसारात मी लागलं म्हटलं की ते लागलेलं असायचं. लिफ्ट आली. मी आत गेले. ते एक क्षण थांबले, मग वळले, आणि सावकाश चालत आमच्या दारापर्यंत जाऊन मूठ दोनदा ओढून बघून आले.